बार्नबीचे चौदा नियम आणि जास्तीचा एक तास

सीलर्स कोव्ह, न्यू ब्रन्सविक
रविवार, १९ जुलै, चर्चमधून आल्या आल्या

प्रिय मुरिएलताईस,

धाकट्या भावाचा, म्हणजे लॉर्नचा, वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे गुडघा वाकेल तेवढं.) तुझा नवा खुबा कसा आहे? रोज तीन वेळा चालायला सांगितलंय, तर चालतेस ना? की त्या बिचाऱ्या नर्सलाच चालायला लावून तू खुर्चीतून तिच्या चुका काढतेस? व्हर्नाने तुझ्यासाठी रूबार्बच्या मुरंब्याच्या दोन बाटल्या बाजूला काढून ठेवल्या आहेत. आम्ही दोघं मजेत. आणि बार्नबी अगदी ठणठणीत आहे. हे वाक्य मी मुद्दाम पहिल्याच परिच्छेदात लिहितोय, कारण फिलिसचा फोन तुला या पत्राच्या आधी पोचणार हे सूर्यप्रकाशाइतकं स्वच्छ आहे. आपल्या वेंडेलच्या या बायकोने फोनवर "काळजी करण्यासारखं काही नाही हं" असं म्हटलं, की ऐकणाऱ्याच्या तोंडचं पाणी पळतं. तर पुन्हा लिहितो. बार्नबी ठणठणीत आहे. या क्षणी तो माझ्या पायावर झोपलाय आणि घोरतोय, त्यामुळे मला उठता येत नाही, त्यामुळे पत्र थोडं लांबेल.

(फोनच का नाही केला असं तू विचारशील. तर ताई, फोनवर तू मला तिसऱ्या वाक्यापुढे जाऊ देत नाहीस. कागदावर तुला मधे बोलता येत नाही.)

आधी मुद्दा काय होता ते लिहून काढतो, म्हणजे मागाहून तुझ्या-माझ्यात वाद नको. एक ऑगस्टला तू त्या वृद्धनिवासात राहायला जाणार. तिथे कुत्रा चालत नाही (त्या खालच्या दिवाणखान्यात पियानो बडवणाऱ्या बाई चालतात, कुत्रा चालत नाही, म्हणजे पारख बघ). तेव्हा बार्नबी एक तर माझ्याकडे येणार, नाहीतर आपल्या मधल्याकडे, वेंडेलकडे, फ्रेडरिक्टनला. वेंडेलकडे कुंपण आहे, हिरवळ आहे, हिवाळ्यात आपोआप गरम होणारं कुत्र्याचं घर आहे आणि समुद्र चांगला दीड-दोन तासांवर आहे. माझ्याकडे समुद्र दाराशी आहे आणि बाकी काही नाही. तुझा सगळा राग त्या समुद्रावर. म्हणून तू तीन आठवड्यांसाठी बार्नबी माझ्याकडे सोडलास, सोबत चौदा नियमांची यादी दिलीस, आणि म्हणालीस की हे पाळून त्याला एकदा समुद्रावर ने, सुखरूप परत आण, काय घडलं ते खरं खरं लिहून कळव, मग मी ठरवीन. तेच कळवतोय. माझं म्हणशील तर मला कुत्र्यांचा सोस कधीच नव्हता. हे सगळं मी व्हर्नाच्या समाधानासाठी करतोय. तू त्याला कुठेही दे, मला काही वाटणार नाही.

आता तुझी यादी. ताई, तू अठ्ठावीस वर्षं मुख्याध्यापिका होतीस आणि ते त्या यादीत दिसतं. समासच दोन बोटांचा आहे. मी ती फ्रिजवर लावली आणि रोज सकाळी कॉफी घेताना मोठ्याने वाचली. नियम एक, प्यायचं गोडं पाणी बरोबर न्यावं, समुद्राचं पिऊ देऊ नये. रास्त. नियम दोन, पट्टा हातातून सोडू नये. रास्त. नियम तीन, वाळूवर पाच सेकंद तळहाताची मागची बाजू टेकवून बघावी, आपल्याला चटका बसला तर त्याच्या पंज्यांनाही बसेल. हेही रास्त, पण ताई, तू इथे जन्मलीस. आपल्या किनाऱ्यावर वाळू कुठाय? गोटे आहेत, चिखल आहे, आणि जुलैतसुद्धा त्याला हात लावला तर बोटं आखडतात. तरी मी नियम पाळला. दर पन्नास पावलांवर ओणवा होऊन गोट्याला हात लावत होतो. तिसऱ्या वेळी पोस्टातल्या बाईंनी थांबून विचारलं, "लॉर्न, अंगठी हरवली का रे? मग व्हर्नाला आत्ताच सांगून टाक, पुढे जड जाईल."

नियम चार, नाकाला उन्हाचं मलम. हे खास कुत्र्यांचं मलम तू पाठवलंस ते पोचलं. मी लावतो, तो चाटतो. पुन्हा लावतो, पुन्हा चाटतो. शेवटी व्हर्ना म्हणाली, अहो, निम्मी ट्यूब पोटात गेली त्याच्या, आतून तरी आता ऊन लागायचं नाही. नियम पाच तर मला आजतागायत कळलेला नाही. बार्नबीला पोहता येत नाही, म्हणून पाणी त्याच्या पोटाला लागता कामा नये! अगं, त्याचं पोट जमिनीपासून चार बोटांवर! सकाळी दवातून चालला तरी नियम मोडतो. त्याच्या बापाबद्दल मला काही म्हणायचं नाही, पण असं पिंप असल्या पायांवर ठेवताना त्याच्या आईने थोडा विचार करायला हवा होता.

नियम सहा, तरंगतं जाकीट. ते आणायला मी बार्नबीला घेऊन सेंट जॉनपर्यंत गाडी हाकली. दुकानातल्या मुलीने फीत घेऊन मानेपासून शेपटीपर्यंत माप घेतलं, मग छातीचं घेतलं, मग दोन्ही आकडे परत एकदा बघितले आणि मला हळूच विचारलं, "काका, हे दोन्ही सारखेच कसे आले?" शेवटी एक भडक केशरी मिळालं. पाठीवर उचलायला मूठ आहे, त्यामुळे बार्नबीला प्रवासी बॅगेसारखं धरून नेता येतं. त्याला ते इतकं आवडलं की तो ते घरातही काढू देईना. (माझ्यासाठी जाकीट घेतलं नाही, कारण यादीत माझं नाव नव्हतं.)

इतकी तयारी झाल्यावर नेमकं आमच्या गावाच्या चौपाटीने दगा दिला. तिथे या उन्हाळ्यापासून पाटी लागलीय की सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच कुत्र्यांना मज्जाव. नऊच्या आधी न्यावा, तर बार्नबी साडेनवाला उठतो (तुझी सवय). पाचनंतर न्यावा, तर ती त्याची जेवणाची वेळ. तेव्हा मी ठरवलं की त्याला मॅकगिलच्या बेटावर न्यायचं. तिथे पाटी नाही, पर्यटक नाहीत, पक्ष्यांची घरटी पलीकडच्या अंगाला, म्हणजे नियम नऊसुद्धा आपोआप पाळला जाणार. लहानपणी आपण तिघं ओहोटीला त्या गोट्यांच्या दांड्यावरून चालत बेटावर जायचो. अजूनही तसंच आहे. ओहोटीच्या आधी दोन तास दांडा उघडा पडतो, नंतर दोन तासांनी बुडतो, आणि मग आठएक तास तिथे दोन पुरुष पाणी. अशा ठिकाणी नेण्यात धोका आहे असं तू म्हणशील. पण मी तुझा नियम चौदा पाळूनच निघालो होतो. भरती-ओहोटीची वेळ नीट बघावी. त्याखाली तू तीन रेघा मारल्यास. मी चौथी मारली.

आता इथून पुढे जे झालं त्यात चूक कोणाची हे मी सांगणार नाही, फक्त हकीकत सांगतो.

भरतीच्या छापील पुस्तकात वेळ हिवाळ्याची असते. उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे गेली, की पुस्तकातल्या वेळेत एक मिळवायचा. हे बाबांनी आपल्या डोक्यात टपल्या मारून मारून भरवलंय. मार्च ते नोव्हेंबर मला कोणी झोपेत जरी ओहोटीची वेळ सांगितली तरी माझ्या तोंडून "अधिक एक" निघतं. व्हर्ना मात्र सस्कॅचवानची. तिकडचे लोक घड्याळाला वर्षभर हात लावत नाहीत. त्यांच्या मते सूर्याला जेवढे वाजले तेवढेच वाजले. अडतीस वर्षं ती माझ्याबरोबर या समुद्रावर राहतेय, दर महिन्याला पुस्तकातल्या वेळा कागदावर उतरवून फ्रिजवर लावते, आणि अडतीस वर्षांत तिने एकदाही तो तास मिळवलेला नाही. "तुमच्या सरकारचा खुळचटपणा तुम्हीच निस्तरा," म्हणते. मग मीच निस्तरतो. कागद बघायचा, मनात एक मिळवायचा, चालू पडायचं. आजवर माझे बूटसुद्धा भिजलेले नाहीत.

शनिवारी कागदावर अकरा चाळीस होते. मी एक मिळवला, बारा चाळीस. म्हणजे दांडा दोन चाळीसपर्यंत उघडा. आपण पावणेदोनला परत निघायचं, तासभर हातात ठेवून. याहून जास्त काळजी कोण घेतो? वेंडेल घेतो?

अकराला निघालो. पाठीवर पिशवी. पिशवीत बार्नबीचं पाणी, पाण्याचा वाडगा, मलम, दोन टॉवेल, कान पुसायचा कापूस, जखमेची पट्टी, बिस्किटं, आणि त्याची ती लाल चादर, जिच्याशिवाय तो खाली बसत नाही. माझी सँडविचं घरी राहिली. चर्चचं चाउडरचं, म्हणजे मासे-बटाट्याच्या दाट सूपचं, जेवण दुपारी धक्क्यावरच होतं, व्हर्ना सकाळपासून तिथे बटाटे चिरत होती, तेव्हा म्हटलं, येऊन पोटभर जेवू. दांडा छान उघडा होता. हवा स्वच्छ. बार्नबी पुढे, केशरी जाकिटात, शेपूट अशी उभी की पालखीपुढचा भालदार चालावा. मी मागे, पट्टा मनगटाला दोन वेढे देऊन. तुला खोटं वाटेल ताई, पण बेटावर पोचल्यावर त्याने पहिल्यांदा समोरचा उघडा समुद्र बघितला आणि तो चक्क बसला. अर्धं मिनिट भुंकला नाही की हलला नाही. मग माझ्याकडे वळून बघितलं, जणू हे सगळं मीच त्याच्यासाठी मांडून ठेवलं होतं. मला फार बरं वाटलं. (व्हर्नासाठी.)

पुढचे दोन तास आम्ही इतकी मजा केली की ती लिहिण्यात अर्थ नाही. खेकड्याने त्याला घाबरवलं, मग त्याने खेकड्याला घाबरवलं, मग दोघांनी मिळून मला. एका लाटेवर तो पंधरा मिनिटं भुंकला, ती मागे गेली तेव्हा आपण जिंकलो असं समजून मान ताठ करून आला, तेवढ्यात दुसरी आली. नियम आठ (मेलेल्या प्राण्यांजवळ जाऊ देऊ नये) बद्दल थोडं सांगायला हवं. खडकामागे एक मेलेला सील होता. बराच आधी मेलेला. मी बघितला तेव्हा बार्नबी त्यात पाठीवर पडून चारी पाय वर करून लोळत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं की मला त्याला ओढायचं जिवावर आलं. ओढलं. पट्ट्याची लांबी बारा फूट आहे, वास त्याच्यापुढेही येत होता.

साधारण एक वाजता धुकं आलं. आपल्याकडचं धुकं तुला माहीत आहे, दाराची कडी न वाजवता घरात येतं. त्याच सुमारास बार्नबी ओढायला लागला, घराच्या दिशेने. मी म्हटलं, थांब बाबा, अजून पावणेदोन नाहीत. तो बसेना. चादर अंथरली, तरी बसेना. बिस्किट दाखवलं, ते खाल्लं आणि पुन्हा ओढायला लागला. तुझ्याच यादीत आहे की ओढतो म्हणून त्याच्या मागे जाऊ नये, लाडावतो. मी नाही गेलो. मी त्याला भरती-ओहोटीचं गणित समजावून सांगितलं. ताई, त्याने ज्या नजरेने माझ्याकडे बघितलं ती नजर मी लहानपणी तुझ्याकडे पाहिली आहे, पाढे म्हणताना.

अखेर दीडलाच निघालो, त्याच्या कटकटीला कंटाळून. दांड्याच्या मध्यावर, जिथे तो सगळ्यात खोल आहे, तिथे दोन्ही बाजूंनी पाणी येत होतं. मी घड्याळ बघितलं. एक चाळीस. म्हटलं, छे, अजून तास आहे, ही नुसती लाट असणार. मग लाट घोट्यापर्यंत आली आणि परत गेलीच नाही. तर त्या प्रसंगाबद्दल थोडक्यात असं, की मी अजिबात घाबरलो नाही. पट्टा हातात घट्ट होता. जवळच्या मोठ्या खडकावर आम्ही दोघं चढून बसलो. मी खणखणीत आवाजात हाका मारल्या. क्लेटन डूली, तोच तो, ज्याने शाळेत माझा डबा पळवला होता, खुंटांवर लावलेलं हेरिंग माशांचं जाळं बघायला होडी घेऊन निघाला होता. त्याने हाका ऐकल्या आणि तो आला. सगळं मिळून वीसेक मिनिटांचं काम.

क्लेटनने होडी जवळ घेतली, धुक्यातून माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "काय रे लॉर्न, घरी पाणी येत नाही का, आंघोळीला इतक्या लांब आलास?" मग बार्नबीला जाकिटाच्या मुठीने उचलून आत घेतलं, वास आला, आणि म्हणाला, "तुम्हा दोघांपैकी कोण हे?"

धक्क्यावर आणखी एक गंमत. चाउडरला आलेली सगळी मंडळी, चाळीस तरी असतील, हातात वाडगे घेऊन कठड्याला ओळीने उभी होती. कोणी चमचासुद्धा हलवत नव्हतं. मी घोंगडीत, बार्नबी जाकिटात. व्हर्ना बटाट्याची सुरी हातात घेऊनच पुढे आली. तिचा चेहरा पांढराफटक. पुढचं संभाषण तुला फिलिसकडून कळणारच, कारण तिची मावसबहीण सगळ्यात पुढे उभी होती आणि तिने काढलेला फोटो मी वाळायच्या आत फ्रेडरिक्टनला पोचला होता. तरी माझ्याकडून ऐक.

"किती वाजता निघालात तिकडून?"

"दीडला. बारा चाळीसची ओहोटी, त्यामुळे..."

"बारा चाळीस? मी अकरा चाळीस लिहिलंय!"

"हो ना, त्यात मी एक मिळवला."

"अहो, मी मिळवला होता!"

"तू? तू कधीपासून मिळवायला लागलीस?"

"बार्नबी आल्यापासून!" ती ओरडली, आणि चाळीस माणसांसमोर रडायला लागली. "म्हटलं, तुम्ही विसरलात तर! म्हटलं, कुत्रं दुसऱ्याचं आहे, जिवाला काही झालं तर मुरिएलताईंना तोंड कसं दाखवू!"

अडतीस वर्षांत पहिल्यांदा, ताई! आणि मला न सांगता. एकाच भांड्यात दोघांनी मीठ घातलं, दुसरं काय. ती मला सांगायला लाजली, कारण सांगितलं असतं तर मी अडतीस वर्षांचं उट्टं काढलं असतं. (काढलंच असतं.) क्लेटन मागून म्हणाला, "बरं झालं पाद्रीबाबांनी नाही मिळवला, नाहीतर हा उद्याच्या ओहोटीला आला असता." यावर सगळा धक्का इतका हसला की व्हर्नाही हसली, मीही हसलो, आणि कोणीतरी बार्नबीला चाउडर दिलं. तीन वाडगे. चाउडरबद्दल यादीत काही नाही, मी बघून घेतलं.

घरी आल्यावर नियम अकराप्रमाणे त्याला गोड्या पाण्याने धुतला, दोनदा, सीलसाठी आणखी तीनदा. कान कोरडे केले. पंजे तपासले. एकही ओरखडा नाही. तेव्हा निष्कर्ष असा की चौदापैकी बहुतेक नियम पाळले गेले, कुत्रा सुखरूप आहे, आणि जो तास चुकला तो काळजी कमी पडल्यामुळे नाही तर जास्त झाल्यामुळे चुकला. निर्णय तुझा. तिकडे राहायला गेलीस की त्या खालच्या पियानोवाल्या बाईंना माझा नमस्कार सांग. चालत राहा. औषधं वेळेवर घे.

तुझा,
लॉर्न

ता. क. फिलिस तुला तो फोटो दाखवेल. त्यात माझ्या गालावर जे ओलं दिसतं ते धुकं आहे.

ता. क. दुसरा. व्हर्नाने पत्र वाचलं आणि परत माझ्यासमोर टाकलं. म्हणाली, खरं लिहा, नाहीतर पाकिटाला तिकीट मी लावू देणार नाही. ठीक आहे. लिहितो.

पट्टा हातात घट्ट होता हे खोटं. खडकावर चढलो हे खोटं. मी कशावरही चढू शकलो नाही. मध्यावर माझा उजवा बूट दोन गोट्यांत अडकला आणि गुडघा वळेना. ओढलं, हिसडलं, बूट सोडायचा प्रयत्न केला, पण बोटं थंडीने बधिर झाली होती, नाडी सुटेना. पाणी गुडघ्याशी आलं. बार्नबी पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला तरंगत होता आणि किनाऱ्याकडे ओढत होता. मला तेव्हा एवढंच कळलं की मी इथे आहे तोवर त्यालाही इथेच राहावं लागणार. मी त्याला जवळ ओढलं आणि वाकून पट्ट्याची कडी काढली. नियम दोन मी जाणूनबुजून मोडला, ताई, आणि वेळ आली तर पुन्हा मोडीन. त्याच्या ढुंगणावर चापट दिली आणि ओरडलो, "जा गाढवा, घरी जा!" तो गेला. ज्याला पोहता येत नाही म्हणून तू लिहिलंस, तो ते चार बोटांचे पाय मारत गेला. केशरी जाकीट धुक्यात दिसेनासं झालं. थोड्या वेळाने किनाऱ्याकडून त्याचं भुंकणं ऐकू आलं. कोरड्यावर पोचला होता. मी देवाचे आभार मानले.

मग भुंकणं थांबलं. मला वाटलं, चाउडरचा वास लागला असेल. मला राग नाही आला, खरंच नाही आला. पाणी मांडीपर्यंत आलं होतं. मी व्हर्नाचा विचार करत होतो, आणि आपल्या बाबांचा, की त्यांनी हे बघितलं असतं तर टपली मारली असती. आणि तेवढ्यात धुक्यातून ते केशरी जाकीट परत येताना दिसलं. नाक वर, कान पाण्यात, धापा टाकत. माझ्यापर्यंत आला आणि माझ्याभोवती गोल गोल पोहत भुंकायला लागला. थांबेचना. मी हाका मारल्या तेही खोटं. थंडीने माझा आवाजच बसला होता. क्लेटनने जे ऐकलं, ज्या आवाजाच्या रोखाने त्याने धुक्यात होडी घातली, तो बार्नबीचा आवाज. क्लेटन आला तेव्हा मी एका हाताने त्या जाकिटाची मूठ धरून होतो आणि पाणी कमरेच्या वर होतं. बूट कापून काढावा लागला.

तो कोरड्यावर होता, ताई. त्याला परत यायचं काही कारण नव्हतं. मी त्याला कधी धड बिस्किटसुद्धा दिलं नाही. (व्हर्ना म्हणते हेही खोटं, रोज चार देता. बरं, चार.)

ता. क. तिसरा. यादी समोर ठेवून ठरवायचं तर तो वेंडेललाच द्यायला हवा. त्याचं कुंपण चांगलं आहे, फिलिस काटेकोर आहे, तिकडे भरती नाही, ओहोटी नाही, सील नाही. माझ्या बाजूने मांडण्यासारखा एकही मुद्दा नाही, मी सकाळपासून शोधतोय. सदुसष्ट वर्षांचा झालो, आजवर तुझ्याकडे काही मागितल्याचं आठवत नाही (सायकल मागितली होती, ती तू दिली नाहीस).

मला तो हवाय, ताई. दे ना.